एका गोणीच्या पंचवीस हजार वड्या

हाताने घोटलेल्या आणि लहान घाण्यांत केलेल्या चित्ररंगांच्या बाजूने हल्ली जे समर्थन ऐकू येते, त्याचा सांगाडा बहुधा एकच असतो. रंग मुळात मातीत असतो, कारखान्याने त्याला मातीपासून तोडले, आणि म्हणून जो कोणी आपल्या परिसरातील माती-दगड गोळा करून, कुटून, डिंकात वा तेलात घोटून विकतो, तो चित्रकाराला अधिक शुद्ध, अधिक निर्धोक आणि अधिक टिकाऊ वस्तू देतो आणि शिवाय गावाच्या हाताला कामही देतो, असे हे समर्थन सांगते. छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील नंदिनी नगर हे या युक्तिवादाला आयते मिळालेले उदाहरण वाटावे असे ठिकाण आहे. ज्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, त्याला चुनखडक पुरवणारी खाण येथे आहे आणि ही वसाहत त्या खाणीच्या अंगाखांद्यावरच वाढली आहे. त्याच कारखान्याचे लोहखनिज दल्ली-राजहराच्या टेकड्यांतून येते. भोवतालच्या धानाच्या बांध्यांत उभ्या पिकातच जवस फेकून पेरण्याची, उतेरा नावाची, जुनी रीत आहे. रानात धावड्याचा डिंक आहे, कुसुम आणि पळसावर पोसली जाणारी लाख आहे. पांढरा दगड, तांबडा दगड, तेल, डिंक आणि लाख एवढे सगळे एकाच प्रदेशात सापडत असताना रंग करायला आणखी काय हवे, असा प्रश्न कोणालाही पडावा. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे आहे की हे समर्थन जवळजवळ प्रत्येक पायरीवर घसरते, आणि ज्या छोट्या धंद्याची ते बाजू घेते त्याचेच त्यातून सर्वाधिक नुकसान होते.

प्रथम पांढऱ्या दगडाकडे पाहावे. चित्रकाराच्या रंगात किमान दोन गोष्टी असतात: रंगद्रव्य, म्हणजे द्रवात न विरघळता कणरूपाने राहणारी रंगीत भुकटी, आणि बंधक, म्हणजे ते कण एकमेकांना व कागदाला किंवा कापडाला धरून ठेवणारा डिंक, तेल, सरस यांसारखा पदार्थ. नंदिनीचा चुनखडक कुटून त्याची मैद्यासारखी भुकटी केली तरी ती रंगद्रव्य म्हणून किती उपयोगी पडेल हे सर्वस्वी बंधकावर ठरते. एखादा पदार्थ पांढरा दिसतो तो त्याच्या कणांवरून आणि त्यांच्या सभोवतीच्या माध्यमातून प्रकाश जाताना होणाऱ्या विखुरण्यामुळे, आणि हे विखुरणे दोघांच्या अपवर्तनांकांतील, म्हणजे प्रकाशाला वाकवण्याच्या क्षमतेतील, अंतरावर अवलंबून असते. चुनखडकातील कॅल्साइटचा अपवर्तनांक सुमारे १.६ आहे, जवसाच्या तेलाचा १.४८ च्या आसपास, तर आज बहुतेक पांढऱ्या रंगांत वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा २.७ च्या घरात. परिणामी खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळली की ती पांढरी राहत नाही; मळकट, पिवळसर, अर्धपारदर्शक गोळा तयार होतो, आणि तो प्रत्येक सुताराने हाताळलेला असतो, कारण खिडकीच्या काचेला लावायची जुनी लांबी म्हणजे नेमका हाच गोळा. तीच भुकटी डिंकाच्या पाण्यात घोटून वाळवली तर कणांभोवती हवा शिरते आणि ती पुन्हा बऱ्यापैकी पांढरी दिसते, पण त्यावर ओला कुंचला फिरताच झाकण्याची ताकद जाते. नंदिनीचा दगड झोतभट्टीत जातो तो त्याच्या पांढरेपणासाठी नव्हे. खनिजातील वाळूशी संयोग पावून ती मळीच्या रूपाने वेगळी काढण्याचे काम तो करतो, आणि खाणीत त्याची प्रत त्याच हिशेबाने पाहिली जाते.

चुनखडकापासून खरा रंग होतो, नाही असे नाही, पण त्यासाठी तो दगड राहता कामा नये. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजून त्यातील कार्बन डायऑक्साइड घालवावा लागतो, उरलेल्या कळीच्या चुन्याला पाण्यात विझवावे लागते, आणि तो भिजवलेला चुना महिनोन्‌महिने मुरू द्यावा लागतो, तेव्हा तो भिंतीवर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो आणि जाता जाता रंगाचे कण आपल्यात कोंडून घेतो. गोव्यात आणि दक्षिण कोकणात मंदिरांच्या भिंतींवर आढळणारी कावी ही कला याचे उत्तम उदाहरण आहे. शिंपल्या भाजून केलेला चुना, धुतलेली वाळू आणि गूळ यांचे मिश्रण कित्येक दिवस आंबवून, कुटून गिलावा केला जाई, त्यावर काव म्हणजे तांबड्या मातीचा थर देऊन तो ओला असतानाच कोरला जाई आणि खालचा पांढरा उघडा पडे. येथे चुना आणि लोहमाती हेच दोन पदार्थ आहेत जे नंदिनी आणि दल्लीला आहेत. तरीही कावी कोकणात झाली ती केवळ शिंपल्या आणि काव तेथे होती म्हणून नाही. आंबवणे किती दिवस आणि कुटणे किती वेळ हे ठाऊक असलेले हात तेथे होते, म्हणून ती झाली. शिवाय ओला चुना इतका दाहक असतो की त्यात मिसळलेले अनेक वनस्पतिज रंग आणि प्रशियन निळा पार मरतात, आणि डोळ्यात उडाला तर दृष्टीवर बेतते. परिसरात चुनखडक आहे या वाक्यापासून परिसरात रंग आहे या वाक्यापर्यंत जाण्यासाठी एवढा सगळा प्रवास करावा लागतो.

तांबड्या दगडाची कथा थोडी अधिक आशादायक, म्हणून अधिक फसवी आहे. दल्ली-राजहराचे खनिज हेमटाइट, म्हणजे लोहाचे तांबडे ऑक्साइड आहे. पण त्याचा घट्ट तुकडा हातात घेतला तर तो पोलादासारखा करडा-काळा दिसतो आणि चिनीमातीच्या फरशीच्या खरबरीत पाठीवर घासला की मगच रक्तासारखी रेघ उमटते. म्हणजे तांबडा रंग त्या दगडाच्या भुकटीत आहे, आणि भुकटी किती बारीक यावर छटा बदलते: जाडसर कण जांभळटाकडे झुकतात, बारीक कण नारिंगीकडे. याउलट घराघरांत वापरला जाणारा गेरू ही निसर्गानेच दळून, चिकणमातीत कालवून ठेवलेली वस्तू आहे आणि तिला फक्त धुऊन-निथळून घ्यावे लागते. बादलीत पाण्यात ढवळले की रेव तळाशी बसते, वर तरंगणारे लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचे, तेथे पुन्हा बसू द्यायचे, आणि तिसऱ्या-चौथ्या भांड्यात जो लोण्यासारखा गाळ उरतो तोच चित्रकाराच्या कामाचा. पिवळी माती लोखंडी तव्यावर भाजली तर तिच्यातील लोहसंयुगाला धरून असलेले पाणी अडीचशे-तीनशे अंशांच्या सुमारास निघून जाते आणि ती डोळ्यांदेखत तांबडी होते. हा प्रयोग कोणत्याही शाळेत दाखवण्यासारखा आहे. पण खाणीचे पट्टेदार खनिज यात बसत नाही. ते कठीण आहे आणि त्याच्या पट्ट्यांत गारेचे, म्हणजे स्फटिकी सिलिकाचे, थर आहेत. ते कोरडे कुटणाऱ्याच्या फुप्फुसात जी धूळ जाते ती सिलिकोसिस नावाचा बरा न होणारा आजार देते. लोहखनिजाच्या खाणीशेजारी राहून त्या खनिजापासून रंग करावा हे सुचणे स्वाभाविक आहे, आणि स्वयंपाकघरातील मिक्सरमध्ये ते दळावे हे सुचणे तितकेच स्वाभाविक आणि तितकेच घातक आहे.

या मुद्द्यावर समर्थक रायगडजवळच्या सिंघनपूर आणि कबरा पहाडाकडे बोट दाखवतात (कोकणातील रायगड नव्हे, छत्तीसगडमधील रायगढ). तेथील शैलाश्रयांतील तांबडी चित्रे हजारो वर्षे टिकली, मग नैसर्गिक रंग टिकतो याला आणखी कोणता पुरावा हवा, असे ते विचारतात. हा पुरावा आहे, परंतु लोहऑक्साइड टिकते याचा. त्या माणसांनी पाने, फुले, फळे, साली यांचेही रंग काढून पाहिले असतील तर ते आज दिसणारच नाहीत, कारण ते उडून गेले. आणि जे उरले तेवढेच पाहून जे होते त्याविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे युद्धातून परतलेल्यांना विचारून युद्धात कोणी मरत नाही असे ठरवणे होय. हळद, पळसाची फुले, करडईच्या पाकळ्या यांचे रंग मनोहर असतात आणि सूर्यप्रकाशात महिन्या-दोन महिन्यांत फिके पडतात. ते रंगद्रव्य नसून रंजक, म्हणजे विरघळणारे रंग आहेत. कापडाच्या धाग्याशी त्यांची जी गाठ तुरटीने बांधली जाते ती कागदावरच्या डिंकात तितकी पक्की बसत नाही. लाखेच्या तांबड्याचे आणि मंजिष्ठेचेही थोड्याफार फरकाने तेच.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, या कल्पनेला तर आपल्याच परंपरेत आधार नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या मानसोल्लास या ग्रंथात चित्रकलेचा स्वतंत्र भाग आहे. भिंत कशी तयार करावी, म्हशीचे कातडे उकळून वज्रलेप नावाचा सरस कसा करावा, पांढऱ्यासाठी शंखाची भुकटी, काळ्यासाठी काजळी, तांबड्यासाठी गेरू आणि हिंगूळ, पिवळ्यासाठी हरताळ घ्यावा, हे सगळे त्यात आले आहे. यातील हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे गंधकसंयुग आणि हरताळ म्हणजे आर्सेनिकचे. दोन्ही जमिनीतून निघतात, दोन्ही पूर्णपणे नैसर्गिक आहेत, आणि दोन्ही आज लहान मुलांच्या हाती देता येणार नाहीत. गावोगावच्या मारुतीच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या जो शेंदूर चढला तो शिशाचे ऑक्साइड होता. भारत सरकारने २०१६ साली नियम करून घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी ठरवली आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ती लागू झाली, तेव्हा ती पाळण्यासाठी मातीकडे परत जाण्याचा उपाय कोणी सुचवला नाही, कारण प्रश्न रसायनाचा होता आणि त्याचे उत्तरही रसायनशास्त्रातच होते.

स्थानिकतेचा आग्रह तर त्याहून तकलादू आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांना तांबडी आणि पिवळी माती जवळपास मिळाली, आणि त्यांचा हिरवा रंग दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या मातीचा आहे. परंतु पाचव्या शतकातील लेण्यांत, वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमच्या वाकाटकांच्या काळात, जो निळा दिसतो तो लाजवर्द आहे आणि तो अफगाणिस्तानातील बदख्शानहून आला. निळा हवा होता आणि आसपास चांगला निळा नव्हता, म्हणून हजारो किलोमीटरवरून मागवला. त्या चित्रकारांना आपण यात काही अपवित्र करतो आहोत असे वाटल्याचे चिन्ह नाही. आजही पर्यावरणस्नेही म्हणून पेणच्या कारागिरांकडून जी शाडूची मूर्ती आणली जाते तिची माती गुजरातहून ट्रकने येते. अजिंठ्याचीच आणखी एक गोष्ट लाखेच्या अभिमान्यांनी ध्यानात ठेवावी. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांकडून भित्तिचित्रांचे जतन करवून घेतले, आणि त्यांनी रंगांचे निसटते पापुद्रे चिकटवण्यासाठी व वरून संरक्षण म्हणून चपडीलाखेचा लेप वापरला. लाख पूर्णपणे नैसर्गिक, भारतीय आणि उत्तम प्रतीची होती. कालांतराने ती पिवळी-तपकिरी पडली, आकसली आणि आपल्याबरोबर खालचा रंगही उचलू लागली, आणि पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना ती उतरवण्याचे नाजूक काम वर्षानुवर्षे करावे लागले.

हाताचा स्पर्श ही या समर्थनाची शेवटची ढाल. काचेच्या जाड फरशीवर, तळ सपाट आणि किंचित खरबरीत केलेला काचेचा जड घोटणा, ज्याला या धंद्यात मलर म्हणतात, तो आठच्या आकड्यात फिरवत रंगद्रव्य डिंकाच्या पाण्यात घोटले जाते. पाऊण-एक तासाने लगद्याचा आवाज बदलतो, खरखर जाऊन चिकट सूं-सूं उरते, आणि रेघा न ठेवता तो पसरू लागतो. हे पाहणाऱ्याला वाटते की हात कण दळतो आहे. प्रत्यक्षात मलर कण जवळजवळ दळत नाही. तो त्यांच्या गुठळ्या फोडतो आणि प्रत्येक कणाला बंधकाने ओला करतो, आणि हेच काम कारखान्यातील तीन रुळांची गिरणी कमी वेळात आणि अधिक एकसारखे करते. हाताने केल्यामुळे रंगात काही गूढ उतरत नाही. एक गोष्ट मात्र हाताच्या बाजूची आहे, आणि समर्थक नेमकी तीच सांगत नाहीत: हाताला थांबता येते. काही रंगद्रव्ये, विशेषतः खनिजांची, फार बारीक झाली की फिकी पडतात, तर थोडी जाडसर ठेवली की जलरंगात कागदाच्या खळग्यांत जाऊन दाणेदार बसतात आणि आकाशाचा किंवा खडकाचा जो पोत देतात तो कितीही सफाईने केलेल्या रंगाला देता येत नाही. लहान घाण्याचा कारागीर प्रत्येक रंगद्रव्य किती घोटायचे याचा निर्णय वेगळा घेऊ शकतो. मोठ्या यंत्राला तो परवडत नाही.

येथून पुढे विरुद्ध बाजूच्या युक्तिवादाचीही झाडाझडती घेणे भाग आहे, कारण मातीची भक्ती खोटी ठरली म्हणून कारखान्याची भक्ती खरी ठरत नाही. हा दुसरा पक्ष म्हणतो की दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पूड आणि वड्या करण्यापासून सुरुवात करून पुढे कॅमलिनच्या रूपाने देशभराच्या शाळांत रंगांचे डबे पोचवले, २०११ मध्ये त्यात जपानच्या कोकुयो कंपनीने मोठा वाटा घेतला, आणि आता रंग हे सोडवून टाकलेले प्रकरण आहे. घरी घोटत बसणे ही हौस. या म्हणण्यातील पहिला भाग रास्त आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या मुलाला स्वस्त, विषारी नसलेला, सगळीकडे मिळणारा आणि दर वेळी तसाच निघणारा रंग हवा असतो. तो मोठ्या कारखान्यानेच द्यावा, आणि हाताने रंग करणाऱ्यांनी त्याच्याविषयी तुच्छतेने बोलण्याचे सोडावे. पण त्याच स्वस्ताईचा एक तर्क आहे. डब्यातील बारा नळ्यांची किंमत एकच ठेवायची तर ज्याचे रंगद्रव्य गेरूच्या कित्येक पट महाग आहे असा कोबाल्टचा निळा खऱ्या कोबाल्टचा असू शकत नाही. त्याच्यासारखा दिसणारा दुसरा निळा घ्यावा लागतो, आणि उरलेली जागा खडू, बेराइट यांसारख्या भरीने भरावी लागते. दूध तेच, पाणी किती हा प्रश्न. नळीला दुकानाच्या फळीवर वर्षे काढायची असल्यामुळे तिच्यात थिजवणारे आणि टिकवणारे पदार्थही येतात. यात फसवणूक नाही. विद्यार्थी श्रेणीचा रंग म्हणून ते रीतसर विकले जाते. परंतु ज्या चित्रकाराला आपल्या निळ्यात एकच रंगद्रव्य आहे की तीन, हे ठाऊक असणे गरजेचे आहे, कारण तीन घातलेला रंग चौथ्यात मिसळला की चिखल होतो, त्याची गरज त्या डब्याने भागत नाही. म्हणजे लहान घाण्याला जागा आहे, आणि ती जागा शुद्धतेच्या भजनापेक्षा कितीतरी नेमकी आहे.

समर्थनाच्या भोंदूपणाचा सर्वांत उद्वेगजनक प्रकार आदिवासी कलेच्या बाबतीत दिसतो. वारली चित्रातला पांढरा म्हणजे तांदळाचे पीठ, आणि ते गेरू किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर लग्नाचा चौक म्हणून सवाशिणी काढत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते पुसले जावे हेच अपेक्षित होते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या पिढीपासून हे चित्र कागदावर आणि कापडावर आले, देशोदेशी गेले, संग्रहालयांत टांगले गेले, आणि तांदळाच्या पिठाला कीड लागते व घडी पडली की ते सुटते हे लक्षात आल्यावर अनेक वारली कलावंतांनी ॲक्रिलिकचा पांढरा घेतला. तेव्हापासून त्यांना उपदेश करणाऱ्यांची रांग लागली आहे. ज्याच्या स्वतःच्या बैठकीच्या भिंतीवर प्लास्टिक इमल्शनचे दोन हात आहेत तो डहाणूच्या वारली कलावंताने मात्र तांदूळ वाटत बसावे असा आग्रह धरतो, हे शुद्धतेचे प्रेम नव्हे. कामाचे प्रयोजन बदलले की साहित्य बदलते. मानसोल्लासातील कारागिरालाही हे मान्य झाले असते.

आता रोजगाराचा मुद्दा, जो नंदिनीसारख्या ठिकाणी सर्वांत जोरात मांडला जाईल आणि ज्याला गणिताशिवाय दुसरे उत्तर नाही. खाण केव्हातरी संपते. तिच्या संपलेल्या भागावर वनलागवडही झाली आहे. मग तेथील बचतगटांनी मातीचे रंग करून विकावेत, असा प्रस्ताव ऐकायला गोड आहे, आणि २०२१ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने शेणावर आधारित भिंतीचा रंग बाजारात आणल्यावर छत्तीसगडच्या गौठाणांत, म्हणजे गावातील गुरांच्या सामाईक जागांत, त्याचे उत्पादन सुरू झाले, त्यामुळे या प्रस्तावाला ओळखीचा वास येतो. पण भिंतीचा रंग आणि चित्राचा रंग यांत नाव सोडून फारसे काही सारखे नाही. भिंतीचा रंग लिटरवर विकला जातो आणि एका घराला कित्येक डबे लागतात. जलरंगाची लहान वडी, जिला दुकानदार हाफ पॅन म्हणतात, तिच्यात सुमारे दोन मिलिलिटर लगदा मावतो आणि धुतलेल्या मातीचे दोन ग्रॅमच्या आसपास रंगद्रव्य पुरते. एका किलोच्या पाचशे वड्या होतात. पन्नास किलोच्या एका गोणीच्या पंचवीस हजार. एक वडी जलरंगात काम करणाऱ्याला सहज वर्षभर पुरते. म्हणजे एका मोटरसायकलीच्या मागे बांधून आणता येईल एवढ्या मातीतून जेवढा रंग होतो तेवढा खपवायला हजारो चित्रकार लागतात, आणि ते गेरूच्याच एका छटेसाठी. ज्या खाणीचा हिशेब टनांनी चालतो, तिच्या जागी हा उद्योग ठेवणे म्हणजे वखारीच्या जागी अत्तराचे दुकान मांडून तेवढ्याच हमालांना काम मिळेल असे म्हणणे.

त्या गोणीची किंमत काढली तर ती मजुरीच्या मानाने नगण्य निघते. महाग आहे तो वेळ. डिंक एकास दोन या प्रमाणात गरम पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवणे आणि कपड्याने गाळणे, त्यात वडी भेगाळू नये व ओला कुंचला लागताच सुटावी म्हणून मध किंवा ग्लिसरीन आणि बुरशी येऊ नये म्हणून लवंगेचे तेल घालणे, घोटणे, साचा भरणे, वाळल्यावर खड्डा पडला की पुन्हा भरणे, आणि बहुधा तिसऱ्यांदाही भरणे. भिलाईच्या परिसरात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो तेव्हा वडीचा वरचा थर आतल्याच्या आधी आवळतो आणि ती आटलेल्या तळ्यातील चिखलासारखी फाटते. श्रावणात ती आठ-आठ दिवस ओली राहते आणि लवंगेच्या तेलालाही न जुमानता कडेने करडी लव धरते. धावड्याचा डिंक परिसरात मुबलक आहे म्हणून तो वापरावा तर तो बाभळीच्या जातीच्या डिंकापेक्षा घट्ट आणि ताणदार पडतो, कुंचल्याखाली तार धरतो, आणि त्याचे प्रमाण नव्याने बसवावे लागते. हे सगळे शिकलेला एक माणूस, फार तर दोन-तीन, यातून पोट भरू शकतील. पन्नास जणांच्या गटाला एका शिबिरात हे शिकवून, एकसारखी चिठ्ठी लावून, प्रदर्शनात मांडले की पहिल्या पावसाळ्यात बुरशी आलेल्या वड्यांचा ढीग उरतो आणि हाताच्या रंगांवरून गिऱ्हाइकाचा विश्वास कायमचा उडतो. हा धंदा लहान आहे तो अजून वाढला नाही म्हणून लहान नाही. त्याचे कामच लहान घाण्याचे आहे.

मग असा रंग घेणारा जास्तीचे पैसे कशासाठी मोजतो, हा खरा प्रश्न उरतो. माती कोणाच्या शेतातली आणि घोटणारा हात कोणाचा या माहितीने चित्र एक दिवसही जास्त टिकत नाही. वडीत काय आहे हे मात्र कळले तर चित्रकाराला त्याचा उपयोग होतो. जगभरात रंगद्रव्यांना ओळखक्रमांक आहेत: नैसर्गिक तांबडे लोहऑक्साइड पीआर १०२, कृत्रिम पीआर १०१, नैसर्गिक पिवळी माती पीवाय ४३, खडू पीडब्ल्यू १८. वेष्टित मालाच्या कायद्याने उत्पादकाचे नाव, वजन, किंमत आणि महिना छापावा लागतो, पण वडीत कोणते रंगद्रव्य आहे हे सांगण्याची सक्ती त्याने होत नाही. हाताच्या रंगाच्या वेष्टनावर आज बहुधा जे असते ते म्हणजे एखादे काव्यमय नाव, मातीने माखलेल्या ओंजळीचे छायाचित्र आणि शंभर टक्के नैसर्गिक हे शब्द. आणि त्या नावाखाली कधी हळद असते, कधी बाजारातून आणलेले कृत्रिम ऑक्साइड. कृत्रिम ऑक्साइड वापरण्यात काहीच गैर नाही, ते उत्तम रंगद्रव्य आहे आणि बहुधा खाणीतल्यापेक्षा स्वच्छ असते. गैर आहे ते ओंजळीचे छायाचित्र.

आणि टिकाऊपणाची कबुली द्यायला प्रयोगशाळा लागत नाही. रंग प्रकाशात किती टिकतो हे मोजण्यासाठी निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांचे प्रमाण वापरले जाते. पहिली पट्टी सर्वांत लवकर उडते, आठवी सर्वांत उशिरा, आणि दर पट्टी आधीच्या पट्टीच्या साधारण दुप्पट टिकते. त्या पट्ट्या न मिळाल्या तरी नंदिनी नगरात ऊन मुबलक आहे. चांगल्या कागदावर प्रत्येक घाण्याचा एक गडद आणि एक पातळ पट्टा ओढावा, अर्ध्यावर काळा कागद आणि त्यावर ॲल्युमिनियमची पन्नी घट्ट चिकटवावी, मागे घाण्याचा क्रमांक आणि तारीख लिहावी, आणि एप्रिलच्या सुरुवातीला थेट ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला आतून लावून मृगाचा पाऊस येईपर्यंत विसरून जावे. पन्नी काढल्यावर गेरू, पिवळी माती आणि काजळी यांच्या पट्ट्यांवर झाकलेला भाग कुठे संपतो हे शोधावे लागेल. लाखेच्या पट्टीवर, विशेषतः पातळ भागात, फरक पुसट का होईना दिसेल. हळदीच्या पट्टीवर तो खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसेल, कारण उघडी बाजू जवळजवळ कागदाइतकी पांढरी झालेली असेल. अशी पट्टी चार बोटे रुंद असते, कात्रीने तिचे तुकडे होतात, आणि एक तुकडा वडीच्या डबीत झाकणाखाली अगदी सहज बसतो.